उसाच्या पाचटापासून हायड्रोजन करण्यासाठी शुद्ध जिवाणू विकत घ्यावेत का?

पाचट आंबवून हायड्रोजन करायचा आहे, त्यासाठी शुद्ध जिवाणू कोठे मिळतील, असे आपण विचारले आहे. ते घेऊच नका. याच मुद्द्यावरून पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात मार्गदर्शकांशी माझे बिनसले होते. मिश्र जिवाणूंवरच्या कामाला ते चारचौघांत ‘उकिरड्याचे शास्त्र’ म्हणत, आणि प्रयोगशाळेत मोरीजवळची जागा माझ्या वाट्याला आली होती.

तेथे मी गोबरगॅसची स्लरी अर्धा तास उकळून विरजण म्हणून वापरत असे. उकळल्याने मिथेन करणारे सूक्ष्मजीव, जे हायड्रोजन तयार होताच खाऊन टाकतात, बहुतांशी मरतात. हायड्रोजन करणारे क्लॉस्ट्रिडियम जिवाणू मात्र बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचाच्या सुप्तावस्थेतील पेशींच्या, रूपाने तग धरतात. सामू (पीएच, आम्लतेचे माप) ५.५ च्या आसपास ठेवला, की बाटलीतून खवट लोण्याचा वास येऊ लागे आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून कार्बन डायऑक्साइड गाळून निघालेला वायू उपड्या नळकांड्यातले पाणी खाली ढकलू लागे. शेजारच्या टेबलावरचे शुद्ध कल्चर, म्हणजे एकाच जातीच्या जिवाणूंचे विरजण, साखरेच्या पाण्यावर झकास चालत होते, पण निर्जंतुक न केलेले पाचट घालताच त्यात लॅक्टिक आम्लाचे जिवाणू माजले आणि वायू बंद पडला. शेतातले टनावारी पाचट निर्जंतुक करायचे, तर मिळेल त्याहून अधिक इंधन त्यातच जळेल, हे मी तेव्हाही सांगत होतो.

उत्पन्नाचे म्हणाल, तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून या मार्गाने फार तर ४ रेणू हायड्रोजन मिळतो, म्हणजे किलोभर ग्लुकोजमागे सुमारे ४४ ग्रॅम, तोही कागदावर. जिवाणूंची गाडी ब्युटिरिक आम्ल करण्याकडे वळली की निम्माच. शिवाय ज्यातून हे ग्लुकोज मिळते ते पाचटातले सेल्युलोज लिग्निन या चिवट घटकात जखडलेले असल्याने ते आधी मोकळे करावे लागते. उरलेली बहुतेक ऊर्जा आम्लांत अडकते, म्हणून त्या आम्लांपासून मिथेन करणारी दुसरी टाकी मागे हवीच. तिच्याविना हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. उकळण्याचा परिणामही कायम टिकत नाही, त्यामुळे सामू कमी ठेवून टाकीतला माल लवकर बदलत राहावे, म्हणजे सावकाश वाढणारे मिथेनवाले वाहून जातात.

एक सांगायचे राहिले: हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, तेव्हा टाकी बंद गोठ्यात बसवू नका. आणि कोणी शुद्ध कल्चरची बाटली घेऊन आलाच, तर त्याला आपल्या बांधावरच्या न धुतलेल्या पाचटावर ती महिनाभर चालवून दाखवायला सांगा.