साधेपणाचाही सोस?

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांची आहे, नोकरी करते. कमी वस्तूंत, साधं राहायचं ठरवून मी अर्धं कपाट रिकामं केलं. फिक्या रंगांचे मोजके कपडे घेतले, एकसारखे काचेचे डबे आणले. तरी रात्री मोबाइल हातात आला की काहीतरी मागवलं जातंच. मैत्रिणी चिक्कू म्हणून चिडवतात, त्यामुळे हल्ली त्यांच्याबरोबर जाणंच टाळते. आई म्हणते, हौसमौज करायचं हेच तर वय! मी ढोंगी आहे का?
— गोंधळलेली

उत्तर : ढोंगी नाहीस गं. पण कमी खरेदी करायचं ठरवल्यावर तू पहिलं काम केलंस ते खरेदीचं! जुने डबे फुटले होते का? तसं असतं तर तू लिहिलं असतंस. ते एकमेकांशी जुळत नव्हते, एवढंच. साध्या राहणीचं हल्ली एक देखणं रूप ठरून गेलंय आणि तेही विकायलाच मांडलेलं असतं. खरोखर साधं राहणाऱ्यांच्या घरात कुठल्याही डब्याला कुठलंही झाकण असतं आणि त्यांचं काही अडत नाही.

फ्रेंच विचारवंत दनी दिदेरो याने 1769 मध्ये याच दुखण्यावर एक गमतीदार निबंध लिहिला. त्याच्याकडे एक भारी लाल झगा आला. तो अंगावर चढवल्यावर खोलीतली जुनी खुर्ची, टेबल सगळंच कळकट दिसायला लागलं. एकेक वस्तू बदलत गेली आणि शेवटी गडी जुन्या झग्यासाठी हळहळत बसला. पुढे 1988 मध्ये ग्रँट मॅकक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने या साखळीला दिदेरोचंच नाव दिलं. तुझे फिके कपडे म्हणजे तुझा झगा. त्यांच्यावर जुनी पर्स शोभत नाही, मग चपला, मग घड्याळ. रात्री मागवलेल्या वस्तूंवर एकदा नजर टाक, त्यातल्या बऱ्याच या कपड्यांच्याच मागून आलेल्या निघतील.

कपाटातून काढलेले कपडे अजून घरातच असतील तर धडके तेवढे परत आत ठेव. एका सुती टी-शर्टसाठी, कापूस पिकवण्यापासून धरून, सुमारे 2700 लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे. ते खर्च होऊन गेलंय. तो शर्ट विटेपर्यंत वापरणं, उसवला तर शिवणं, बटण लावणं, हे कुठल्याही नव्या ‘पर्यावरणस्नेही’ कपड्यापेक्षा बरं. फोटोत छान दिसणार नाही, हे मान्य.

आता रात्रीचं. इथे मनाच्या निग्रहावर फार भिस्त ठेवू नकोस. एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचं पेटंट ॲमेझॉनला अमेरिकेत 1999 सालीच मिळालं होतं. मधल्या पायऱ्या कमी झाल्या की विचार करायला वेळ उरत नाही, धंद्याचं गणितच ते. तू त्या पायऱ्या परत घाल. ॲप काढून टाक, साठवलेला कार्ड नंबर पुसून टाक. हवीशी वाटलेली वस्तू तारखेसकट वहीत लिही आणि पगार झाल्यावर वही उघड. तेव्हाही ती हवीच असेल तर खुशाल घे, अपराधी वाटून घेऊ नकोस. आणि ‘नंतर पैसे द्या’ या सोयीच्या वाटेला जाऊ नकोस. हप्ता छोटा दिसतो, पण चार हप्ते एकत्र आले की पगार आल्या आल्या निम्मा जातो.

मला खरी काळजी वाटते ती मैत्रिणींची. वस्तू कमी करता करता तू माणसं कमी करायला लागलीस, हे काही बरं नाही. चिक्कू तो, जो बिल आलं की फोन कानाला लावतो. तू तुझा वाटा देतेस ना? मग त्या शब्दाने एवढं दुखावून घेऊ नकोस. त्यांचा बेत ठरायची वाट पाहण्यापेक्षा तूच आधी बेत सुचव : टेकडीवर जाऊ, माझ्या घरी जमू, जुने कपडे अदलाबदल करू. दुकानात जायचं ठरलं तरी जा. हात हलवत परत आलीस तर फार तर एकदोनदा चिडवतील. मात्र त्यांनी काय घ्यावं यावर प्रवचन देऊ नकोस. नव्याने साधेपणा पत्करलेल्यांना तो मोह फार होतो आणि मैत्रिणी खर्चापेक्षा प्रवचनालाच जास्त कंटाळतात.

आईचंही अगदीच चुकीचं नाही. तुला कशाची हौस आहे, हे पत्रात कुठेच आलेलं नाही. पोहायला शिकायचंय, एखादं वाद्य शिकायचंय, कुठे लांब जायचंय? वाचलेले पैसे त्या नावाने वेगळे ठेव आणि आईला सांगून टाक.