मळ्यातल्या खोलीत कॅनव्हासला बुरशी: आधी प्लास्टिक काढा

तुम्ही लिहिलंय की पणजीत आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, मळा या भागात, तळमजल्यावर खोली घेतली आहे. जूनमध्ये चित्रकलेच्या पहिल्या वर्षाची सगळी कामं प्लास्टिकमध्ये गुंडाळून पलंगाखाली ठेवलीत आणि आता चवथीच्या तोंडावर उघडून बघता तर कागदावर तपकिरी ठिपके आणि कॅनव्हासच्या पाठीवर काळी-पांढरी बुरशी. घरमालकीणबाई म्हणतात खिडक्या उघड्या ठेवा, मैत्रीण म्हणते अजून एक प्लास्टिक चढवा. खोली सोडावी का आणि डिपॉझिट बुडेल का, असं विचारलंय. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहावंसं वाटलं. मी कॉन्झर्व्हेटर, म्हणजे चित्रं जपण्या-दुरुस्त करण्यातला तज्ज्ञ, नाही. एखादं काम खरोखर मोलाचं असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय त्याला हात लावू नका.

दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि प्लास्टिकचा जास्त घातक. कागद वरून कोरडा लागला तरी जूनच्या हवेत तो आपल्या वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी धरून असतो. ते पाणी तुम्ही आत कोंडलंत. रात्री फरशी गार झाली की प्लास्टिकच्या आतून दव धरतं आणि ते थेट कागदावर बसतं. कॅनव्हासला सरसाचं अस्तर असेल तर बुरशीला खायलाही मिळतं. अ‍ॅक्रिलिक जेसोवर (रंगाआधी देतात तो पांढरा थर) ती तितकी लवकर धरत नाही, पण लाकडी चौकट आणि कापडाची मागची बाजू तिला पुरते. तेव्हा आजच सगळी बंडलं सोडा.

खिडक्यांचं म्हणाल तर आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेरची हवाच ८५-९० टक्के आर्द्र असते आणि बुरशीला सत्तरच्या आसपास पुरतात. बाहेरची हवा आत घेऊन खोली कशी सुकणार? कडक उन्हाची उघडीप पडली तर दुपारी ११ ते ३ खिडक्या उघडा, एरवी लावून घ्या आणि पंखा चालू ठेवा. पंख्यानं हवा कोरडी होत नाही, पण कोपऱ्यात साचून राहत नाही. पाच-सातशे रुपयांत हवेतली आर्द्रता मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर मिळतो, तो भिंतीजवळ ठेवा. त्याचा आकडा बघितल्याशिवाय कुणाचाच सल्ला मानू नका, माझाही.

आता ओल कुठून येते ते शोधायचं. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोनी तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं हवाबंद लावा आणि ४८ तास राहू द्या. पाणी फॉइलच्या मागे, भिंतीकडे आलं तर ओल भिंतीतली. पुढच्या बाजूला, खोलीकडे आलं तर ती हवेतली. रंग पोपडा धरून सुटत असेल तर टेप लावण्याआधी पोपडे खरवडा, नाहीतर कडेनं हवा शिरते आणि चाचणी फुकट जाते.

भिंतीतली असेल तर ती कुठे आहे ते बघा. जमिनीपासून गुडघा-कमरेपर्यंत, वर पांढरा लोणा (भिंतीतला क्षार) फुललेला, म्हणजे पाणी खालून चढतंय. पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीवर खिडकीच्या आजूबाजूला चट्टे, म्हणजे पावसाचा मारा. म्हणूनच जुनी माणसं मिरगाआधी त्या बाजूला झावळ्यांची झापं बांधत, आता निळं प्लास्टिक लावतात. वरून खाली ओघळ आले असतील तर कौल फुटलंय किंवा सरकलंय. डोंगराला पाठ टेकलेल्या घरांत चौथा प्रकार भेटतो: मागच्या भिंतीला डोंगराचा पाझर, पाऊस थांबला तरी आठ-दहा दिवस चालूच. तुमची मागची भिंत आल्तिनोच्या बाजूची असेल तर मला याचाच संशय आहे.

आपली जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा पाणी पितो आणि सोडतोही. वर चुन्याचा गिलावा असला की ते पाणी हळूहळू उडून जातं. घरमालक वर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक इमल्शन मारतात, मग पाणी आतच अडकतं, रंगाला फुगे येतात आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा नवा रंग. मेमध्ये खोली बघायला गेलात आणि एकच भिंत नुकती रंगवलेली दिसली तर तिच्यामागे काय आहे ते ओळखा. खोली बघायची ती जुलैत, भर पावसात, आणि आधी कपाट पुढे ओढून. मोठ्या खिडक्या, ऑयस्टरच्या शिंपल्यांची तावदानं, लाल कोबा यांना भुलून खोली घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे की चित्र शिकणाऱ्यानं ताळगावच्या तिसऱ्या मजल्यावरची साधी खोली घ्यावी. हे माझं मत. मळ्यातही चांगल्या खोल्या आहेत, फक्त वरच्या मजल्यावर.

आहे त्या खोलीत काय करायचं? पहिली गोष्ट, खोलीत कपडे वाळत घालणं बंद. दहा बाय बाराच्या खोलीतल्या सगळ्या हवेत मिळून पाऊण लिटरच्या आसपास पाणी असतं. हातानं पिळलेले बादलीभर कपडे रात्रीत त्यात दोन लिटर घालतात. दुसरी, कामं बाहेरच्या भिंतीला टेकवायची नाहीत. आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीकडे, तीन इंच अंतर सोडून, खाली दोन लाकडी पट्ट्या टाकून उभी ठेवायची. पलंगाखालची जागा सगळ्यात वाईट. तैलचित्रं पेटीत कोंडू नका, तेल सुकायला हवा आणि उजेड लागतो. पावसाळ्यात ती एरवीपेक्षा सावकाश सुकतात, घाई करू नका.

कागदासाठी रबरी कड असलेल्या झाकणाची पेटी आणि सिलिका जेल. पाच किलो कागदाला एक किलो जेल धरा. कागद बारा टक्क्यांवरून आठवर आणायचा तर साधारण २०० ग्रॅम पाणी काढावं लागतं आणि एक किलो कोरडं जेल तेवढं पितं. त्या छोट्या पुड्या दोन-चार टाकून काही होत नाही. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्टचा क्षार असतो, नारिंगी घ्या. ते हिरवट पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. ओव्हन नसेल तर जुन्या लोखंडी कढईत मंद आचेवर, पण त्या कढईत पुन्हा जेवण करायचं नाही. जेल न घालता पेटी बंद केलीत तर ते परत प्लास्टिकच झालं. आणि उघड्या कपाटात जेल ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात.

तीन-चार जणी मिळून खोलीत असाल तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, घ्या. दिवसाला वीस लिटरचं यंत्र म्हणतात ते ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं धरून चाला. ३०० वॉटचं असेल तर दहा तासांना तीन युनिट. खिडक्या बंद हव्यात आणि खोली दोन-तीन अंशांनी तापते. पण डोंगराचा पाझर असेल तर यंत्र विकत घेऊ नका, सबंध डोंगर तुम्ही सुकवू शकणार नाही.

आलेली बुरशी ओल्या फडक्यानं पुसू नका, ती चोळली जाऊन कागदात शिरते. आधी कोरड्या हवेत दोन-तीन दिवस ठेवा. पांढरी लव कोरडी, पिठासारखी झाली की बाहेर, छताखाली, एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशनं एकाच दिशेनं झटका. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरनं बीजं खोलीभर उडतात. चौकटीच्या लाकडाला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसानं चालतं. रंगाच्या बाजूला अजिबात नाही. तपकिरी ठिपके जाणार नाहीत. ब्लीच लावून कागद घालवू नका.

आता ज्यानं सगळ्यात जास्त नुकसान केलं त्याबद्दल. तुमच्या कॉलेजचा याच्याशी संबंध नाही, दुसऱ्या एका संस्थेच्या कार्यालयाबद्दल लिहितोय. सुट्टीआधी तिथून सूचना निघाली: सर्व सबमिशन प्लास्टिकमध्ये सील करून तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये जमा करा. स्टोअरला खिडकी नाही, मागच्या भिंतीला लोणा, हे कुणी बघितलं नाही. चवथीनंतर आमच्या बॅचची कामं बाहेर आली ती एकमेकांना चिकटून. विचारायला गेल्यावर उत्तर मिळालं की ‘कामाची जबाबदारी विद्यार्थ्याची’. छत गळतं, स्टोअरमध्ये ओल आहे, हे मुलं महिनाभर तोंडी सांगत होती. कागदावर काही नव्हतं, म्हणून कार्यालयाच्या लेखी ते घडलंच नव्हतं. जिथे मुलांना कागद जपायला शिकवायचं तिथेच ही बेफिकिरी, याचा राग मला अजून आहे.

म्हणून तोंडी तक्रार करू नका. अर्ज दोन प्रतींत द्या. त्यात खोली क्रमांक, कुठली भिंत, तारीख आणि हायग्रोमीटरचा आकडा. आपल्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का, क्रमांक आणि सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर त्याच मजकुराची ईमेल त्याच दिवशी पाठवा. आणि स्टोअरमध्ये नव्हे तर वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत रॅक मागा, तेही अर्जात.

घरमालकीणबाईंच्या बाबतीतही तसंच. भिंतीचे फोटो मोजपट्टी धरून काढा आणि आजच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा, म्हणजे जाताना ‘तुम्हीच भिंत घालवली’ म्हणून रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणं अवघड जाईल. पुढचा अकरा महिन्यांचा करार करताना दोन वाक्यं घालून घ्या: पावसाळ्यातील ओलीमुळे रंगाचं झालेलं नुकसान साधारण झीज समजावं, आणि ऑक्टोबरनंतर खोली मुदतीआधी रिकामी करण्यास सांगता येणार नाही. दुसरं वाक्य मळ्यात आणि किनाऱ्याकडे तर हवंच, सीझन लागला की विद्यार्थ्यांना हलवून पर्यटकांना खोली देतात. मी वकील नाही, करार कुणा जाणत्याला दाखवा.

खोली सोडायची का? ओल हवेतली किंवा कौलाची असेल तर नाही, ते निभावता येतं. खालून चढणारी असेल तर वरच्या मजल्यावरची खोली मिळते का बघा. डोंगराचा पाझर असेल तर चवथीनंतर दुसरी जागा शोधायला लागा.

जाता जाता: प्लास्टर ऑफ पॅरिसची फोडलेली पिशवी त्या खोलीत असेल तर तीही तपासा, ओल लागलेलं पीओपी नीट धरत नाही आणि साचा मऊ राहतो. फॉइल लावून झालं की भिंत कुठल्या दिशेची आणि पाणी कुठल्या बाजूला आलं, तेवढं इथे लिहा.