माइल्ड एमआर निघाला म्हणून चालणं सोडायचं का? माझा अनुभव

तुम्ही विचारलंय की वय ३२, डॉक्टरांना मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आला, टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) माइल्ड एमआर, म्हणजे हृदयाच्या मायट्रल झडपेचं थोडं लीकेज, लिहून आलं, तर चालणं-पळणं बंद करू का आणि ऑपरेशन लागेल का. मी नागपूरची, मला हेच २०१४ मध्ये कळलं, पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी गेले तेव्हा. डॉक्टर स्टेथो लावून जरा जास्तच वेळ ऐकत राहिले आणि माझे हातपाय गार पडले. पुढचे कितीतरी दिवस रात्री डाव्या कुशीवर झोपलं की ठोके मोजत बसायची.

लीकेज या शब्दानंच माणूस अर्धा होतो हो. होतं एवढंच की मायट्रल व्हॉल्व, म्हणजे ती झडप, पूर्ण मिटत नाही, थोडं रक्त मागे जातं, त्याचा आवाज म्हणजे मर्मर. ट्रिव्हियल, माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर अशा पायऱ्या असतात आणि ट्रिव्हियल तर ठणठणीत माणसांतही सापडतं. माइल्डला सहसा ऑपरेशन लागत नाही, तीन ते पाच वर्षांनी इको करून बघतात. मी रोज सकाळी फुटाळा तलावावर पाऊण तास चालते, फक्त मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की ऊन व्हायच्या आत घरी.

२०१९ मध्ये मात्र दोन जिने चढले की धडधड आणि दम, मला वाटलं व्हॉल्व गेलाच, रडत रडत इकोला गेले तर लीकेज होतं तेवढंच, हिमोग्लोबिन निघालं ८! रक्त कमी असलं की हृदय जोरात धावतं आणि मर्मरही मोठा ऐकू येतो. म्हणून धडधड वाढली तर सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, त्यात हिमोग्लोबिन कळतं) आणि थायरॉइड पण करायला सांगा.

दात सांभाळा, हिरड्यांतले जंतू रक्तातून व्हॉल्ववर बसू शकतात. दात काढण्याआधी अँटिबायोटिक मात्र आता माइल्ड लीकेजवाल्या सगळ्यांना देत नाहीत, कृत्रिम व्हॉल्व किंवा आधी व्हॉल्वला इन्फेक्शन झालेल्यांना वगैरे देतात. आडवं पडल्यावर दम लागला, पाय सुजले, चक्कर येऊन पडलात तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणि लहानपणी घसा दुखून मग सांधे सुजले, ताप आला असं झालं होतं का ते आईला नक्की विचारा, कारण लीकेज रुमॅटिक, म्हणजे तशा तापामुळे झालेलं, असेल तर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लागू शकतं आणि ते चुकवायचं नसतं. आई जे सांगेल ते पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सांगा.