गाडीच्या पुढच्या काचेला चीर गेली आहे. भरून घ्यावी की काचच बदलावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट, पाच वर्षांत विम्याचा एकही क्लेम नाही, हायवेला डंपरच्या मागे असताना खडी उडाली, पुढच्या काचेवर डावीकडे खाली टवका उडाला आणि आता त्यातून दोनेक इंचांची चीर निघाली आहे. शोरूमवाले म्हणतात, "बदलून टाका, क्लेममध्ये बसतं." गावातला काचवाला म्हणतो, "हजार-बाराशेत भरून देतो." खरं कोण बोलतंय?

दोघंही खरंच बोलतायत, फक्त आपापल्या सोयीचं. मी कराडला हायवेलगत गाड्यांच्या काचा बसवतो. काच बदलली तर माझ्या गल्ल्यात जास्त पडतं, हे आधीच सांगून टाकतो. तरीही तुम्ही लिहिलंय त्यावरून मी म्हणेन, आधी भरून बघा. आणि समजा बदलावीच लागली, तरी क्लेमचा फॉर्म भरण्याआधी खालचा हिशोब मांडून बघा. काच बदलायची का हा एक प्रश्न, क्लेम करायचा का हा दुसरा. "क्लेममध्ये बसतं" या एका वाक्यात दोन्हींचा निकाल लागतो, आणि तिथंच पाणी मुरतं.

आधी काचेचं बोलू. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचा आणि त्यांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पापुद्रा. खडी लागते ती बाहेरच्या काचेला. आतली काच आणि पापुद्रा शाबूत असतात, म्हणून तर ती भरता येते. मागची आणि दारांची काच सहसा टफन्ड असते. ती फुटली की खडीसाखरेसारखे तुकडे होऊन सगळी खाली येते. तिथे भरण्याबिरण्याचा प्रश्नच नाही.

तेव्हा पहिली तपासणी घरीच करा. गाडीत बसून चिरेच्या जागी आतून नख फिरवा. गुळगुळीत लागलं तर मार बाहेरच्याच काचेला आहे. आतूनही नख अडकत असेल तर विषय संपला, काच बदला. चिरेभोवती दुधाळ पांढरट डाग पसरलेला दिसत असेल, तर मधला पापुद्रा सुटायला लागलाय. तीही बदलायचीच.

दुसरं, जागा. लोक इंच मोजत बसतात, पण मी आधी जागा बघतो. चीर काचेच्या कडेला टेकली असेल किंवा कडेपासून दोन इंचांच्या आत असेल, तर मी भरायला घेत नाही. कडेला काचेवर मुळातच ताण असतो, भरलेली चीर तिथे पुन्हा पळते. ड्रायव्हरच्या नजरेसमोर असेल तरी भरू नये. भरल्यावर चीर दिसेनाशी होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चिरेत भरतात त्या रेझिनमधून, म्हणजे चिकट पारदर्शक द्रवातून, प्रकाश जवळपास काचेसारखाच वळतो म्हणून डाग फिका पडतो, पण पुसट खूण उरतेच. दिवसा ती जाणवत नाही. रात्री समोरच्या ट्रकचा हायबीम तिच्यावर पडला की चमकते. तुमची चीर डावीकडे खाली आहे, त्यामुळे या दोन्ही कटकटी तुम्हाला नसाव्यात. कडेपासूनचं अंतर तेवढं पट्टीने मोजून घ्या.

आकाराबद्दल आकडा हवाच असेल, तर ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीचा निकष मला डोकं ठिकाणावर ठेवणारा वाटतो. स्टिअरिंगच्या मध्याशी जुळणारा, २९० मिलिमीटर रुंदीचा, वायपर फिरतो तो पट्टा धरायचा. त्यात १० मिलिमीटरहून मोठी इजा असेल तर गाडी नापास. वायपरच्या बाकीच्या भागात हीच मर्यादा ४० मिलिमीटर. हा निकष न भरलेल्या काचेचा आहे, पण जागेने किती फरक पडतो ते त्यातून कळतं. भरण्याच्या बाबतीत माझा अंदाज असा: रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाणारा टवका बिनधास्त भरा. दोन-तीन इंचांची एकेरी, ताजी चीर भरता येते. वीतभर झालेली, फांद्या फुटलेली चीर भरून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

आणि "ताजी" या शब्दावर माझा सगळा जोर आहे. टवक्यात धूळ, शाम्पूचं पाणी, वायपरच्या टाकीतलं लिक्विड गेलं की रेझिन काचेला नीट धरत नाही. शिवाय पाणी स्वतःच चीर वाढवतं. चिरेच्या टोकाशी काचेच्या रेणूंमधले ताणलेले बंध असतात, ओलावा ते तोडतो. पावसाळ्यात गाडी नुसती उभी असतानाही चीर पुढे सरकते ती यामुळे. त्यात मे महिन्यात दुपारभर उन्हात तापलेल्या गाडीत बसून एसीचा झोत काचेवर सोडला, किंवा गरम काचेवर थंड पाणी मारलं, तर दोन इंचांची चीर तुमच्या डोळ्यांदेखत फूटभर होऊ शकते. म्हणून आजच टवक्यावर बाहेरून स्वच्छ सेलोटेप लावा, धुणं थांबवा, सावलीत लावा, दारं आपटू नका. फेविक्विक, नेलपॉलिश, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. यूट्यूबवरचे हे उपाय करून आलेली काच नंतर भरता येत नाही, कारण जिथं रेझिन जायला हवं तिथं आधीच दुसरं काहीतरी घट्ट बसलेलं असतं.

काचवाल्याकडे गेलात तर चहा प्यायला जाऊ नका, शेजारी उभं राहून बघा. आधी टवक्यातला काचेचा चुरा टोकदार सुईने काढतात. मग रबरी पेल्याचा स्टँड काचेला चिकटवून त्यातली बारीक नळी बरोबर टवक्यावर दाबून बसवतात. तिनं आधी आतली हवा खेचायची, मग रेझिन दाबायचं, परत हवा, परत रेझिन. टवक्याचे काळे दिसणारे पाय, म्हणजे त्यातून फुटलेल्या बारीक चिरा, ही आत अडकलेली हवा. रेझिन शिरलं की ते एकेक करून विरतात. एखादा पाय हटून बसला तर आतल्या बाजूने बोटाने हलकासा दाब द्यावा लागतो, आणि इथेच घाई करणारा आणि काम जाणणारा यांत फरक कळतो. चिरेचं टोक कोरडं राहिलं तर चीर तिथूनच पुन्हा चालू लागणार. त्यानंतर वर पारदर्शक फिल्मचा तुकडा, त्यावर यूव्ही दिवा, शेवटी ब्लेडने खरवडून पॉलिश. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. दहा मिनिटांत ट्यूब पिळून उन्हात वाळवायला सांगणारा असेल तर हजार रुपये पाण्यात. आणि भरताना चीर पळू शकते, त्याची हमी कुणी देत नाही. पळालीच तर काच तशीही बदलायचीच होती.

आता पैशाचं, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

शोरूममध्ये तुम्हाला सांगतील की तुमचं झिरो डेप (घसारा न कापणारं ॲड-ऑन) आहे, एक रुपया लागणार नाही. मोटार पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, फायबरग्लासवर ३० टक्के, आणि काचेवर शून्य. म्हणजे काचेपुरता झिरो डेपचा काही उपयोगच नाही, साध्या पॉलिसीतही काचेची किंमत पूर्ण मिळते. फरक पडला तर कडेच्या रबरापुरता. उलट कित्येक झिरो डेप पॉलिसींत वर्षाला दोनच क्लेमची मर्यादा असते, त्यातला एक तुम्ही काचेवर घालवता. वर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेमला तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, आहेच: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००.

खरा खर्च नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सुटीचा. बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा पायऱ्यांनी चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. काच असो की इंजिन, त्याला फरक पडत नाही. तुम्ही पाच वर्षं क्लेम केला नाही म्हणता, म्हणजे ५० टक्क्यांवर आहात. समजा तुमचा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम बोनस वजा करण्याआधी ६,००० रुपये आहे. क्लेम केला तर पुढच्या वर्षी ५० टक्के सूट गेली, ३,००० रुपये. त्याच्या पुढे ५० ऐवजी २० मिळाले, १,८००. मग १,५००, मग ९००, मग ३००. पाच वर्षांत ७,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,८५०. त्यात वजावटीचे हजार मिळवा. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा प्रीमियमही उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल. पण स्विफ्टची चांगल्या कंपनीची काच बाहेर बसवून आमच्याकडे सहा-सात हजारांच्या आसपास जाते. मग फुकट काय मिळालं?

सोपं सूत्र: ५० टक्के बोनस असेल तर क्लेमची किंमत बोनस वजा करण्याआधीच्या वर्षाच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या सव्वापट, वर जीएसटी आणि वजावट. काच त्याहून महाग असेल तरच क्लेमचा विचार करा. यंदा आधीच दुसऱ्या कशासाठी तरी क्लेम झाला असेल, किंवा पॉलिसीत बोनस वाचवणारं ॲड-ऑन असेल, तर गणित फिरतं, मग खुशाल करा. काही पॉलिसींत काच भरून घेण्याचा खर्च बोनसला धक्का न लावता मिळतो. पॉलिसीचं शेड्यूल (तपशिलाचा कागद) काढून वाचा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. क्लेम करायचाच असेल तर आधी कंपनीला कळवा, मग काच उतरवा. आणि पॉलिसी संपत आली असेल तर वेळेत रिन्यू करा. खंड पडला की नव्याने तपासणी होते, फोटोत फुटकी काच आली की ती पॉलिसीतून बाहेर.

बदलायची वेळ आलीच, तर काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. आयएसआय चिन्ह, आयएस २५५३ (अशा काचेचं भारतीय मानक), लॅमिनेटेड हा शब्द आणि कंपनीचं नाव दिसलं पाहिजे. सेंट-गोबेन सेकुरिट, एआयएस ही नावं नव्या गाड्यांवरच दिसतात, आणि सेकुरिटचा कारखाना तर आपल्या चाकणलाच आहे. तेव्हा "कंपनीची काच फक्त शोरूमलाच मिळते" यात फारसं तथ्य नाही. शिक्का नसलेली स्वस्त काच घेऊ नका. नजर लावून बघितलं तर कडेला लाटा दिसतात, डोकं दुखतं.

त्याहून महत्त्वाचा चिकटवण्याचा मसाला. जुन्या ओम्नीला काच रबरात बसायची, आताच्या गाड्यांत ती पॉलियुरेथेनने थेट बॉडीला चिकटवतात. गाडी उलटली तर छताला तिचा आधार असतो, आणि बऱ्याच गाड्यांत डावीकडची एअरबॅग उघडताना हिच्यावरच टेकून प्रवाशाकडे वळते. म्हणून साधं सिलिकॉन लावणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. जुनी काच कापताना फ्रेमचा रंग खरवडला गेला तर त्यावर प्रायमर मारलाच पाहिजे, नाहीतर गंज धरतो. कोकणातून येणाऱ्या गाड्यांची काच उतरवली की खाली पत्रा खाल्लेला दिसतो तो बहुतेक वेळा असाच. काच बसल्यावर मसाल्याच्या डब्यावर लिहिलेली वेळ गाडी हलवायची नाही. पहिला दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, म्हणजे दार लावताना आतली हवा काचेला ढकलत नाही, आणि धुवायची घाई नको. तुमच्या स्विफ्टला काचेमागे रस्ता बघून ब्रेक मारणारा कॅमेरा नाही. पण एक्सयूव्ही ७००, नवी वेर्ना अशा गाड्यांच्या वरच्या मॉडेलवाल्यांनी लक्षात ठेवा, काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेम पुन्हा जुळवणं, करावं लागतं, नाहीतर गाडी चुकीच्या वेळी ब्रेक मारू शकते. तिथे मी स्वतः गिऱ्हाइकाला शोरूमला पाठवतो. अशा गाड्यांची काच महाग असते, त्यामुळे वरचं गणितही बहुतेक वेळा क्लेम करण्याच्या बाजूने झुकतं.

शेवटचं, जे शोरूमही सांगत नाही: फास्टॅग आणि नंबरप्लेटचा होलोग्राम स्टिकर दोन्ही जुन्या काचेबरोबर जातात. टॅग सोलला की निकामी होतो, त्याची रचनाच तशी आहे. काच बदलायच्या आधीच त्याच बँकेकडे बदली टॅग मागवून ठेवा, नाहीतर आमच्या इथल्या तासवडे टोलनाक्यावर जादा टोल भरावा लागेल. एचएसआरपीच्या (हाय सिक्युरिटी नंबरप्लेटच्या) साइटवर हा स्टिकर वेगळा मागवता येतो, तिथे त्याला तिसरा स्टिकर म्हणतात. त्यासाठी आरसी हाताशी ठेवा.