माथेरानचं घर दुरुस्त करताय? सुतार नंतर, आधी फाईल

तुम्ही लिहिलंय की आजोबांचं माथेरानचं जुनं घर वाट्याला आलंय, कौलं बदलून चार खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. सुतार कुठे मिळेल, सामान वर कसं चढवायचं आणि मेमध्ये काम उरकेल का. शेवटचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. आम्हीही मेच्याच हिशेबाने निघालो होतो.

सामानाचं पटकन सांगतो. ट्रक दस्तुरी नाक्यापर्यंत. पुढे रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर मोटारीला बंदी, हे तुम्हाला माहीत असणारच. सिमेंट, वाळू, कौलं घोड्यावर. वासे आणि लांब पत्रे हमालांच्या खांद्यावर. शनिवार-रविवारी सगळे पर्यटकांच्या मागे, त्यामुळे सामान सोमवार ते गुरुवारच उतरवा. कौलं फुटीची धरून जास्तच मागवा, उरली तरी माकडं ती संपवतील. (छपरावर जाळी बसवणार असाल तर कौलांसोबतच बसवून घ्या, नंतर दुप्पट मजुरी.) मिनी ट्रेनवर तर काहीच आखू नका. पीरभॉय यांनी १९०७ मध्ये सुरू केलेली दोन फुटी रुळांची ती गाडी मलाही प्रिय आहे. पण २००५ च्या जुलैत रूळ वाहून गेले तेव्हा ती २००७ मध्ये परत आली, आणि २०१९ च्या पावसात बंद पडलेली नेरळपासूनची फेरी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

आता फाईल. मी वकील नाही, आमचं प्रकरण बऱ्याच वर्षांपूर्वीचं, तुमच्या प्लॉटच्या अटी वेगळ्या असू शकतात. एवढं धरून पुढचं वाचा.

ठाण्याचा इंग्रज कलेक्टर मॅलेटसाहेब, त्याने १८५० मध्ये ही जागा हेरली आणि मग बंगल्यांसाठी भूखंड दिले गेले. त्यातले बरेचसे आजही सरकारी भाडेपट्ट्यावर आहेत. म्हणजे घर आजोबांचं, जमीन सरकारची. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) वारसनोंद झालेली नसेल तर दुरुस्तीचा अर्ज करणारे तुम्ही कोण, इथून सुरुवात होते. शिवाय २००३ पासून हा सगळा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि ‘इको झोन’ हे दोन शब्द उच्चारले की कुठल्याही टेबलावरचा माणूस निवांत हात झटकू शकतो.

आमचा अर्ज साधा होता. फुटलेली कौलं आणि कुजलेले वासे बदलायचे. भिंत, जोतं, क्षेत्रफळ सगळं तसंच. एका कार्यालयात (नाव लिहीत नाही, निरोप पाठवूनही विचारू नका) तो अर्ज घेतला गेला आणि तिथल्या कुणीतरी टिपणीत शेरा मारला: ‘नवीन बांधकाम’. बस्स. हे आम्हाला कळलं फार उशिरा. तोवर आमचं आपलं सुरूच, आज साहेब मीटिंगला, उद्या नकाशाची प्रमाणित प्रत आणा. ती प्रत मागायची कुठे, तर त्यांच्याच मागच्या खोलीतल्या कपाटात! तिथला माणूस रजेवर. मग नवीन साहेब आले, त्यांनी टिपणी वाचली आणि अगदी सभ्यपणे सांगितलं की इथे नव्या बांधकामाला परवानगी मिळणार नाही. आम्ही म्हटलं, साहेब, कौलं हो. ते म्हणाले, कागदावर तसं नाही.

एवढ्यात मे संपला. माथेरानात काम करायचा हंगाम दसरा-दिवाळीपासून मेच्या मध्यापर्यंत. त्यानंतर छप्पर उघडणं म्हणजे वेडेपणा. मुंबईत सही आठ दिवस लांबली तर आठ दिवस जातात, इथे वर्ष जातं. त्या पावसात आमच्या दिवाणखान्याचं छत खाली आलं, आढ्याला वाळवी लागली आणि जे काम वाशांवर भागत होतं ते पुढच्या साली सबंध छपरावर गेलं. पैसे कुणी भरले हे सांगायला नको. शेरा मारणाऱ्याची एव्हाना बदली झाली होती. असो.

शेरा सापडला तो माहितीच्या अधिकारात. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा आणि प्रती मागत बसण्यापेक्षा नस्तीची, म्हणजे फाईलचीच, प्रत्यक्ष पाहणी मागा. टिपणीची पानं स्वतः वाचा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, पण त्यात अधिसूचित सेवांनाच मुदत लागते. तुमची सेवा यादीत आहे का ते आधी बघा. सरकारी कर्मचाऱ्याने फाईल सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये, असाही २००५ चा कायदा आहे. तो मी एका टेबलावर वाचून दाखवला होता, तिथे हशा पिकला. तरी प्रत्येक पत्रात त्याचा उल्लेख करा, पुढे अपिलात कामी येतो. अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘फक्त दुरुस्ती, क्षेत्रफळात बदल नाही’ लिहा, जुन्या छपराचे फोटो जोडा, पोच घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी ‘होऊन जाईल’वर सुताराला विसार तर अजिबात देऊ नका. दलाल नेमा असंही तुम्हाला लोक सांगतील. माझं मत विरुद्ध आहे, पण ज्यांचं काम दलालाने झालं ते माझ्याशी भांडतील.

पाहुण्यांच्या ने-आणीचं आत्ताच ठरवू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलंय, त्यामुळे खोल्या सुरू होतील तेव्हाचे दर आणि व्यवस्था पुन्हा विचारून घ्या. घोडेवाल्यांशी मात्र पहिल्या दिवसापासून नीट राहा, तुमचं सामानही त्यांच्याच हातात आहे. पावसाळ्यात खोल्या देण्याच्या फंदात पडू नका, चादरी वाळत नाहीत.

सुतार नेरळ-कर्जतकडे मिळतात. गणपती झाले की लगेच बोलून ठेवा, दिवाळीनंतर ते हॉटेलांच्या कामाला लागलेले असतात. आणि यंदा सही नाहीच आली तर निदान मेअखेर छपरावर जाड प्लास्टिक टाकून दगडांनी दाबा, पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मारा अडवणारी झडी बांधा.