इंडिकाचं डिझेल आणि पेट्रोल इंजिन एकाच घरातलं आहे म्हणतात, मग जुन्या डिझेल इंडिकाला सीएनजी किट बसेल का?

नाही बसणार. कुणी स्वस्तात बसवून देतो म्हणाला तरी गाडी त्याच्या हाती देऊ नका. वीस वर्षं झाली, अंबाजोगाईत इंजिनकाम करतोय आणि ही इंजिनं मी भरपूर उघडली आहेत, म्हणून जरा खोलात सांगतो.

तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही. टाटांच्या या इंजिनांना 475 म्हणतात: चार सिलिंडर, 75 मिलिमीटर बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. 1998 च्या अखेरीस इंडिका आली तेव्हा डिझेल आणि पेट्रोल दोन्ही 1405 सीसीच होत्या. पुढे पेट्रोलवरच्या इंडिका झेटासाठी बोअर तोच ठेवून स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, कमी केला आणि इंजिन 1193 सीसीचं झालं. एलपीजी आणि सीएनजीवरच्या इंडिका या पेट्रोलच्या फांदीवरच्या. 2014 च्या टाटा झेस्टमधलं टर्बो पेट्रोलही चार सिलिंडरचं, 1193 सीसीच.

पण खालचं नातं कितीही जवळचं असलं तरी इंधन कोणतं जळणार हे वर, हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात ठरतं. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो. पिस्टन हवा साधारण बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबतो, ती इतकी तापते की नोजलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. या जुन्या इंजिनात ते आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पेटतं आणि मग जाळ पिस्टनवर येतो. हिवाळ्यात सकाळी गाडी उठावी म्हणून त्याच खोलीत हीटर प्लग असतो. सीएनजी मात्र नुसत्या दाबाने नीट पेटत नाही, त्याला ठिणगी लागते आणि या हेडला स्पार्क प्लगचं भोकच नाही. मोठ्या जनरेटरवर थोडं डिझेल, बाकी गॅस असं चालवतात, पण ती यंत्रणा वेगळी. अशा गाडीला हेड, पिस्टन, इग्निशन सगळं बदलायचं म्हटलं तर गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त होईल.

पेट्रोल इंडिकाला किट बसतं, कारण ठिणगी आधीपासून आहे. गॅस हवेची जागा खातो, म्हणून ओढ कमी होते, ते चालतं. व्हॉल्व्ह जिथं टेकतात त्या सीट मात्र लवकर झिजतात, तेव्हा व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (फट) वेळेवर बघून घ्यायचा. किटची नोंद आरसी बुकवर करून घ्या आणि दर तीन वर्षांनी गॅसच्या सिलिंडरची टेस्टही चुकवू नका. त्यात 200 बारचा दाब असतो, तिथं हयगय नको.

तुम्ही लिहिलंय की जुनी गाडी घेऊन परभणीहून रोज गंगाखेडला जाऊन यायचं आहे. एवढं रनिंग असेल तर चांगल्या स्थितीतली डिझेल घ्या आणि डिझेलवरच चालवा. सीएनजीचा पंप रोजच्या वाटेवर असेल तरच पेट्रोल आणि किटचा विचार करा.

मला मात्र इंधनापेक्षा पाण्याची काळजी जास्त वाटते. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरवेलचं पाणी ओततात. ते जड असतं, आत क्षार धरतात, नळ्या बुजतात, आणि मे महिन्यात बालाघाटचा घाट चढताना इंजिन तापलं की हेड वाकतं. माझ्याकडे हेड उघडायला आलेल्या कितीतरी गाड्यांत कारण हेच निघालं. कूलंट महाग वाटतं म्हणून पाणी घालणाऱ्याला पुढं हेडचं फेसिंग (वाकलेला पृष्ठभाग सपाट करणं) आणि हेडखालचं नवं गॅसकेट, दोन्हींचे पैसे मोजावे लागतात.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाला आधीच सांगा, चालू करून ठेवू नका. रेडिएटरचं झाकण काढा. आत गंजाळ, पांढरी खपली दिसली तर भाव करायच्या आधी मेकॅनिकला दाखवा. मग झाकण उघडंच ठेवून गाडी चालू करा आणि दोन मिनिटं बघा. बुडबुडे थांबता थांबत नसतील तर गॅसकेट गेल्यात जमा आहे, ती गाडी सोडून द्या.