व्हीलचेअरचा स्टिकर लावला की पार्किंग मिळतं का?

प्रश्न: नमस्कार ताई, बाबा 71 वर्षांचे आहेत, दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला आणि डावी बाजू गेली. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी कार्ड झालंय, 65 टक्के. गाडी माझ्या नावावर आहे आणि चालवतो पण मीच. मॉलला, हॉस्पिटलला नेलं की गार्ड विचारतो स्टिकर कुठाय, गाडी रजिस्टर केलीय का. एक एजंट म्हणाला चार हजारात दिव्यांग पार्किंगचं रजिस्ट्रेशन करून देतो. द्यायचे का? दिवाळीला नवीन गाडी घ्यायचाही विचार आहे.
(दहिसरहून एक वाचक)

उत्तर: चार हजार खिशातच राहू द्या. दिव्यांग पार्किंगसाठी गाडीची वेगळी नोंदणी असा प्रकार आपल्या मोटार वाहन कायद्यात नाहीच, त्यामुळे तो एजंट नक्की काय करून देणार होता हे त्यालाच ठाऊक, बहुतेक बाजारात पन्नास रुपयाला मिळणारा निळा स्टिकर. स्टिकरला कायद्याने काही किंमत नाही. पण लावा, कारण गार्डला लांबून कार्ड दिसत नाही, स्टिकर दिसतो, आणि मागे हॉर्न वाजत असताना काच खाली करून वाद घालण्यापेक्षा ते परवडतं.

त्या जागेवरचा हक्क बाबांचा आहे, गाडीचा नाही, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ मिटतो. बाबा गाडीत असतील तर गाडी तुमच्या नावावर असो, मेहुण्याची असो नाहीतर टॅक्सी असो, त्या जागेवर थांबायला हरकत नसावी, दाखवायचं ते कार्ड. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 41 आहे, त्यात बसस्टॉप, रेल्वे स्टेशन आणि विमानतळावरच्या पार्किंगचं नाव घेऊन लिहिलंय. आणि इमारतींसाठी केंद्राची नियमावली आहे, तिच्यात हा स्लॉट दारापासून 30 मीटरच्या आत आणि 3.6 मीटर रुंद हवा असं आहे. लोकांना वाटतं जवळ मिळाला की झालं, पण खरी गरज रुंदीची असते. साध्या स्लॉटमध्ये शेजारच्या गाडीमुळे दार अर्धंच उघडतं, आता ज्याचा डावा पाय उचलत नाही त्याला त्या फटीतून बाहेर काढून बघा, आणि व्हीलचेअर लावायची तर विषयच संपला.

माझाच किस्सा सांगते. एका मॉलच्या बेसमेंटमध्ये लिफ्टशेजारी दोन स्लॉट, जमिनीवर व्हीलचेअरचं चित्र रंगवलेलं, आणि एकात निळा पाण्याचा ड्रम, दोन पोछे आणि गार्डची प्लॅस्टिकची खुर्ची. मी पायाला आधार देणारा कॅलिपर आणि कुबडी घेऊन उतरले तर तो म्हणतो, "मॅडम, इथे हँडिकॅप लोक येतच नाहीत ना, म्हणून ठेवलंय." मी काही बोलले नाही, नुसती उभी राहिले. मग त्याने ड्रम आडवा करून गडगडत भिंतीशी नेला, खुर्ची उचलली, आणि खुर्चीखाली जे चित्र होतं ते तेवढंच चकचकीत राहिलं होतं, बाकीचं सगळं पुसलेलं. तर असं आहे, भांडायचं असेल तर गार्डशी नको, त्याला आठ तास तिथे बसायचंय आणि ड्रम ठेवायला दुसरी जागा कोणी दिलेली नाही. मॅनेजरला लेखी द्या, फोटोसकट.

रस्त्यावर मात्र वेगळं. नो पार्किंगच्या बोर्डाखाली गाडी लावली तर कार्ड असलं तरी ई-चलान येणार, तिथे हक्क वगैरे सांगून काही होत नाही.

आता नवीन गाडीचं. इथे नोंदणीचा विषय खरंच आहे, फक्त तो पार्किंगचा नाही. रजिस्ट्रेशनचा जो फॉर्म 20 असतो त्यात ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्राने मालकीचा प्रकार लिहायची सोय केली, त्यात 'दिव्यांगजन' असा पर्याय आहे आणि त्याखाली जीएसटी सवलत घेतली का नाही घेतली असे दोन उपप्रकार. म्हणजे गाडी बाबांच्या नावावर घ्यायची. मालक व्हायला लायसन्स लागत नाही, चालवणाऱ्याचं असलं की पुरे. पण शोरूमवाला सवयीने 'इंडिव्हिज्युअल' टिक करतो आणि मग आरसी हातात आल्यावर दुरुस्तीसाठी चकरा मारत बसायचं, म्हणून इनव्हॉइस बनायच्या आधी यूडीआयडीची कॉपी त्याच्या हातात ठेवा आणि सही करायच्या आधी तो रकाना स्वतः वाचा. पूर्वी या सगळ्याचा मोठा फायदा होता, अस्थिव्यंग असलेल्यांना छोट्या गाडीवर 28 ऐवजी 18 टक्के जीएसटी लागायचा. आता 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना सगळ्यांनाच 18 आहे, त्यामुळे तिथे फार काही वाचणार नाही. तरी रकाना बरोबर भरा, बाकी सवलती मागताना कागद आरसीचाच बघतात.

जुनी गाडी केवळ पार्किंगसाठी बाबांच्या नावावर करू नका. मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30, लोन असेल तर बँकेची एनओसी, शिवाय 14 दिवसांत इन्शुरन्स बदलायला टाकायचा, एवढा उपद्व्याप कशाला.

प्रश्न: मला लहानपणापासून पोलिओ आहे, साइड व्हील लावलेली स्कूटर चालवते, चेंबूरला राहते. सोसायटीत पार्किंगची चिठ्ठी काढतात आणि यंदा मला गेटच्या पलीकडची शेवटची जागा आलीय, पावसात तिथे शेवाळ असतं. सेक्रेटरी म्हणतात चिठ्ठी सगळ्यांना सारखी.

उत्तर: सेक्रेटरींना जिना सारखा चढता येतो म्हणून चिठ्ठीपण सारखी! अगं, पार्किंग कमी असलं की चिठ्ठी काढायची हे सोसायटीच्या उपविधीत आहे, त्यात त्यांचं चुकलं नाही. पण 2016 च्याच कायद्यात वाजवी सोय म्हणून एक गोष्ट आहे, म्हणजे दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरता यावं म्हणून, झेपेल एवढा बदल. लिफ्टजवळच्या एका टू-व्हीलरची जागा बदलून देणं हे कुठल्याही सोसायटीला झेपतं. पहिलं पत्र कलमं टाकून लिहू नकोस, कमिटी बिथरते. साधं लिही, की शेवाळावरून कुबडी घसरते, लिफ्टपासून जवळची जागा द्या, सोबत यूडीआयडीची कॉपी. पत्राची पोच घे, तारीख आणि शिक्क्यासकट, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेलं पत्र हे पत्र नसतं. पुढच्या जनरल बॉडीत विषय घ्यायला सांग. नाहीच ऐकलं तर सहकार खात्याचे उपनिबंधक आहेत आणि पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, तिथे लेखी तक्रार करता येते.

आणि एक, ती साइड व्हील गॅरेजवाल्याने लावून दिलीत का आरसीवर चढवलीत? गाडीत असा बदल केला की आरटीओत त्याची नोंद लागते, नाहीतर उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्याला बोट ठेवायला जागा मिळते. तुझं लायसन्स जुनं असेल तर त्यावर 'इनव्हॅलिड कॅरेज', म्हणजे दिव्यांगांची गाडी, असं छापलेलं असेल. माझ्या लायसन्सवर आहे. 2019 च्या दुरुस्तीत कायद्याने तो शब्द बदलून 'अडॅप्टेड व्हेइकल' केला.

प्रश्न: आरसीवर दिव्यांगजन असलं की टोल माफ ना?

उत्तर: सरसकट नाही. नॅशनल हायवेवर सूट आहे ती दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या गाडीला, नुसत्या मालकीला नाही. वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन अशा मुंबईच्या पाच नाक्यांवर मात्र ऑक्टोबर 2024 पासून कारला टोलच नाही, तिथे कार्ड काढायची गरज नाही.

प्रश्न: काकांचं कार्ड माझ्या डॅशबोर्डवर असतं. ते घरी असतात तेव्हा मी ती जागा वापरली तर चालेल का, रिकामीच तर असते.

उत्तर: नाही. दिव्यांगांचा लाभ लबाडीने घेतला तर दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 91 आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कार्ड डॅशबोर्डवरून काढून काकांच्या पाकिटात ठेवा, उद्या ते रिक्षाने गेले तर दाखवतील काय?